ओळी माझ्या, नाव टेलरचं

मी जळकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं लपवून ठेवलं. शेजारणीच्या वेलाला माझ्यापेक्षा दोन दोडके जास्त लागले तरी माझ्या पोटात दुखतं. पण जन्मात सगळ्यात जास्त मी जळले ती एका लग्नावर, आणि ते लग्न खोटं होतं. खऱ्या लग्नावर जळणाऱ्या पुष्कळ असतात. खोट्यावर जळायची फजिती माझ्याच वाट्याला आली.

ती आणि मी कळमनुरीला मुलींच्या शाळेत मास्तरणी होतो. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी परभणीकडची, ती हट्ट्याची. दोघी बौद्धाच्या, दोघी डी.एड. झालेल्या, दोघींना एकट्यानं खोली मिळेना म्हणून मिळून एक घेतली. पहिल्या पावसाळ्यापर्यंत आमच्या दोन चुली होत्या, नंतर एक झाली. मग आम्ही एकमेकींच्या झालो. नवरा-बायको असतात तशा, अजून काय सांगू? याला तेव्हा आमच्याजवळ शब्द नव्हता. शब्द नव्हता म्हणून कुणी विचारतही नव्हतं, ते एक बरं होतं.

बाकी सगळं विचारायचे. आम्ही दोघी बाजारच्या रस्त्यानं एकदा गेलो आणि परत आलो, की ओट्यावरची बाई म्हणायची, "काहून गं, कुठं गेल्तात? दोघीच?" दोघीच! दोघी असूनही दोघीच. बाप्या नसला की बायांची बेरीजच होत नाही आमच्याकडं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका टेलरचं दुकान होतं. टेलर आमच्याच समाजाचा, पस्तिशीचा, बोलायला मऊ, कपाळावर कायम एक टाचणीएवढी आठी. त्याच्या दुकानाच्या ओट्याखाली एक मुसलमान कलईवाला बसायचा. भाता, कोळसा, नवसागर, कथील आणि धूर. टेलरच्या शिवलेल्या कपड्यांना नवसागराचा वास यायचा म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण टेलर त्याला तिथून उठवत नसे. लोक म्हणत, "दोस्त हायती दोघं, लंगोटीयार." टेलरनं लग्न केलं नव्हतं. का, तर म्हणे लहान भावंडांचं करता करता राहून गेलं. कलईवाल्याची बायको बाळंतपणात गेली होती आणि त्यानं दुसरी केली नव्हती. का, तर म्हणे मन लागलं नाही. बस्स. एवढ्यावर गावाचं समाधान. पुरुषाला एक कारण पुरतं.

एका बाजारच्या दिवशी मी ब्लाउज आणायला गेले. भर दुपार, रस्त्यावर बैलगाड्या, माणसं. आणि ओट्यावर टेलर कलईवाल्याला घास भरवत होता. भाकरीचा तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवायचा आणि त्याच्या तोंडात द्यायचा. मी बघते आहे हे दिसल्यावर टेलर म्हणाला, "हात काळे हायती बाई त्याचे." खरंच, कोपरापर्यंत काजळी होती. पण कलईवाल्यानं घास घेताना डोळे मिटले. तेवढ्यात मला सगळं समजलं. आमच्या घरात ती मला असंच भरवायची, फक्त दाराला आतून कडी लावून.

खरं सांगते, आपल्यासारखी माणसं गावात आहेत याचा आनंद मला झालाच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे दोघं रस्त्यावर बसून जेवतात! बाजारात हातात हात घालून फिरतात आणि लोक म्हणतात काय यारी आहे! उन्हाळ्यात ओट्यावर एकाच सतरंजीवर पडतात आणि लोक म्हणतात गरम होतंय. आणि आम्ही? आम्ही एका छत्रीतून आलो तर हेडमास्तर म्हणायचे, "दुसरी छत्री घ्यायला पगार पुरत न्हाई का बाई?"

घरी येऊन मी तिला सांगितलं. ती हसत सुटली. "अगं, मग आपल्याला बरंच झालं की. सोबत झाली."

"कसली सोबत? त्यांना उजेड आन आपल्याला कडी."

"तू ना," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटातली मिरचीसुद्धा मोठी दिसती तुला."

पण सोबत झाली हे खरं. आम्ही उगीच परकर शिवायला टाकू लागलो. पितळेची भांडी वर्षातून एकदा कलईला जायची ती दर महिन्याला जाऊ लागली. टेलरनं कधी काही विचारलं नाही, पण एकदा दोघींचं कापड एकाच ताग्यातलं बघून म्हणाला, "दोघींचं मिळून कापतो, वाया जात न्हाई." कलईवाला जास्त तोंडाळ. म्हणायचा, "बाई, तुमारा पतेला और मेरा नसीब, दोनों की कलई उडती नहीं।"

मग तिचा मोठा भाऊ आला. यानं तिला शिकवलं होतं, स्वतः सालगडी राहून. त्यामुळं त्याचा शब्द तिच्या घरात शेवटचा. वसमतचा कुणी बिजवर, दोन लेकरं, सरकारी नोकरी. भाऊ म्हणाला, "या उन्हाळ्यात उरकायचं. नोकरी-बिकरी बास. लोक इचारून राहिले, तुमच्या बहिणीत काही खोट हाय का."

तो गेल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण मी तिच्यावरच ओरडले एवढं आठवतं. काहून गप बसलीस, काहून सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "काय सांगू? तूच सांग, कोणत्या तोंडानं काय सांगू?"

वाट काढली ती कलईवाल्यानं. दुकानात मागं माप घ्यायचा पडदा होता. दुपारच्याला गिऱ्हाईक नसताना आम्ही चौघं त्या पडद्याआड उभे, शिवलेल्या झबल्यांच्या ढिगाजवळ. कलईवाला म्हणाला, "टेलर से निकाह पढा देव इसका। तुमारीच बिरादरी का है। भाई भी खुश, गाँव भी चुप। फिर जिसका उसका अपना अपना घर।"

टेलरच्या कानापर्यंत लाली चढली. "काय बी बोलतो," म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

"आणि माझं?" मी विचारलं.

कलईवाला हसला. "तुमारे वास्ते मैं हूँ ना!" मग लगेच हात हलवला. "मजाक किया बाई। अपने लोगां जीने नहीं देंगे। मेरे बी और तुमारे बी।"

माझ्यामागं कुणी लग्नाचं लागलेलं नव्हतं, हेही खरं. बाप लहानपणीच गेला, आई भावाजवळ, आणि भावाला माझी आठवण दिवाळीच्या मनिऑर्डरीपुरती. मला लग्नाची गरज नव्हती. गरज तिला होती. तिला वसमतच्या बिजवरापासून वाचवायचं, नोकरी ठेवायची, आणि रात्री तिनं माझ्या खोलीत असायचं, एवढंच ठरवायचं होतं. टेलरनं शब्द दिला. "बाई, मला बहिणीसारख्या त्या. माझ्या घरी नुसतं नाव राहील. राहायचं तुमच्यातच." माणूस सज्जन होता. सज्जन होता म्हणून तर मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

टेलर रीतसर हट्ट्याला गेला. स्वतःची मशीन, सुपारीचं खांड तोंडात नाही, समाजाच्या कामात पुढं. भावानं बिजवराला नारळ दिला आणि याला होकार.

लग्नाच्या अगोदर बौद्धाचार्यांनी प्रतिज्ञा पाठ करायला सांगितल्या होत्या. आमच्या लग्नात भटाचं काम नसतं. नवरा पाच वचनं देतो, नवरी पाच देते. नवऱ्यानं म्हणायचं की बायकोचा मान राखीन, अपमान करणार नाही, दुसरीकडं नजर जाऊ देणार नाही, घराच्या किल्ल्या तिच्या हाती देईन, लुगडं-दागिना करीन. बायकोनं म्हणायचं की घर नीट ठेवीन, पाहुण्यांचं करीन, दुसरीकडं मन जाऊ देणार नाही, त्याच्या कमाईची राखण करीन, आळस करणार नाही. ती भाकऱ्या थापता थापता पाठ करत होती. मध्ये अडली. मी म्हणाले, "मी नवऱ्याचं म्हणते, तू बायकोचं म्हण, म्हणजे ध्यानात राहील."

मी पाच म्हणाले. ती म्हणायला लागली आणि तिसऱ्याला थांबली. "मी काहून बायकोचं? तू काहून नवरा? माझा पगार तुझ्याइतकाच हाय."

"मग तू म्हण नवऱ्याचं."

"मग तू बायको व्हशील? तुला पाहुण्यांचं करायला जमतं का? पाहुणा आला की तोंड कसं होतं तुझं!"

भांडणच लागलं. भाकरी करपली. शेवटी असं ठरलं की दोघींनी दहाच्या दहा म्हणायची. ती मला दहा म्हणाली, मी तिला दहा म्हणाले. आळस करणार नाही म्हणताना ती हसली, दुसरीकडं मन जाऊ देणार नाही म्हणताना हसली नाही. आता टीव्हीवर बघते मी, दोन बायांचं, दोन बाप्यांचं लग्न कायद्यात बसवावं का न बसवावं यावर मोठाली माणसं भांडत असतात. एकजण हमखास विचारतो, पण यात नवरा कोण आणि बायको कोण? माझी भाची आवाज बारीक करते. मी म्हणते, मोठा कर गं, आमचं हे भांडण चुलीपुढं एका भाकरीत मिटलं होतं, यांचं कधी मिटतं बघू दे.

मग राहिला उखाणा. नवरीला नाव घ्यायला लावल्याशिवाय आमच्याकडं कुणी जेवत नाही. तिला यमक जुळत नसे. शाळेच्या गॅदरिंगची सगळी गाणी मीच लिहायची. ती म्हणाली, "तूच करून दे."

"मी? मी टेलरचं नाव घेऊ?"

"तू कुठं घेतेस, मी घेणार हाय. तू फक्त ओळी कर."

म्हणजे गिळायचं ते गिळायचं आणि वर गोड म्हणायचं! दोन दिवस मी काही केलं नाही. मग रागारागानं एकदम बसले आणि लिहिलं:

एका छत्रीत भिजले अंग, एका चुलीचा जाळ,
अमुकरावांचं नाव घेते, सोबत सर्वकाळ.

अमुकच्या जागी टेलर. तिनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "हे आपलं हाय," म्हणाली. मी म्हणाले, "मग? परक्याचं कुठून आणू? असेल तर हेच हाय, नसेल तर नाव घेऊ नकोस." मला आजही त्याचा पस्तावा नाही. लग्न त्याचं, मांडव त्याचा, निदान ओळी तरी माझ्या असू द्या.

लग्न हट्ट्याला झालं. पांढरी साडी तिला फार शोभत होती. मी करवल्यांच्या मागं उभी. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या, वचनं झाली. तीच पाच, तिच्याच तोंडून, पण आता कर्ण्यावरून, अख्ख्या गावाला ऐकू जाणारी. माणसं "साधू, साधू, साधू" म्हणाली. आमच्या दहाच्या दहांना कुणी साधू म्हणालं नव्हतं. मग आहेर. कर्ण्यावरचा माणूस पुकारत होता, अमक्याकडून पातेलं, तमक्याकडून धोतरजोडी. आणि मग, "नवरीच्या मैत्रिणीकडून एक ष्टोव!" लोक हसले, कारण तो ष्टोव म्हणाला. मला मात्र मैत्रीण हा शब्द लागून राहिला. चार वर्षं एका पांघरुणात काढल्यावर माझ्या वाट्याला कर्ण्यावरून आलेला शब्द तो.

जेवणाच्या पंक्तीत बायांनी तिला घेरलं. नाव घे, नाव घे. ती उभी राहिली, पदर नीट केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली. एका छत्रीत भिजले अंग.

"अगं बाई गं!" एकच गलका झाला. "लग्नाच्या आधीच छत्री? आन चूल बी?" बायका एकमेकींना चिमटे काढायला लागल्या. "टेलर मुका दिसतो पण लई पोचलेला हाय!" टेलर जमिनीत जायचा तेवढा बाकी होता. त्याच्या भावकीतला म्हातारा म्हणाला, "म्हणून लगन करत नव्हता व्हय! हिच्यासाठी थांबला होता!" आणि टेलरची आई, हातात बुंदीचं ताट, तशीच थांबली. तिचं पोरगं लग्नाचं नाव काढलं की उठून जायचं. तिनं मनातल्या मनात काय काय ठरवलं होतं कुणास ठाऊक. आता तिच्या डोळ्याला पाणी आलं. ताट ठेवून आली आणि नवरीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "माझ्या लेकराला माणसात आणलंस गं पोरी."

भांड्यांच्या ढिगाजवळ कलईवाला बसला होता. दोस्ताच्या लग्नाचे सगळे हंडे त्यानं आदल्या रात्रीपर्यंत कलई करून दिले होते. त्याला जेवायला सगळ्यात शेवटी बसवलं, पण बसवलं. "टेलरचा भाऊच हाय तो," टेलरची आई म्हणाली. मला कुणी काही म्हणालं नाही. माझं ताट मीच उचललं.

आठ-दहा दिवस स्वर्ग होता. तिची ट्रंक टेलरच्या खोलीत आणि ती माझ्या खोलीत. भाऊ खूश, गाव गप. मला वाटलं, उगीच जळले, झालं ते बरंच झालं.

आणि मग टेलरची आई खेड्यावरून बिऱ्हाड घेऊन आली. एक वळकटी, एक कोंबडी आणि लोणच्याची बरणी. तिचं राहायचं मुळीच ठरलेलं नव्हतं. पण आपल्या पोराचं मन इतकं जडलंय, लग्नाआधी पावसात हिंडलंय, तर असा संसार डोळ्यानं बघावा म्हणून ती आली. माझ्या दोन ओळींनी आणली तिला. दुसरा कुणी मला असा फसवता, तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या मी.

म्हातारी वाईट नव्हती. वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. गोड बोलायची, सुनेला चहा हातात द्यायची. पण सून घरात पाहिजे. रात्री सून मैत्रिणीच्या खोलीवर झोपते म्हणजे काय? लोक काय म्हणतील? तर माझी ती तिथं राहायला लागली. आत बायका, सासू-सून. आणि टेलर? "उकाडा लई हाय, बाप्ये माणसं भायेर झोपतात," असं म्हातारी स्वतःच म्हणाली आणि ओट्यावर दोघांना सतरंजी घालून दिली. टेलरला आणि कलईवाल्याला. स्वतःच्या हातानं!

मी गेले की म्हातारी उठून पाट द्यायची आणि थोड्या वेळानं विचारायची, "बाई, तुमाला स्वयंपाक करायचा न्हाई का?" कलईवाल्याला मात्र त्या घरात स्वतःचा तांब्या होता. ती त्याला "माझं दुसरं लेकरू" म्हणायची, आणि ते लेकरू दाढीला मेंदी लावून तिच्या हातची भाकरी खायचं. चौघांनी मिळून एक डाव टाकला होता. तिघांचा बसला, माझाच फसला.

शाळेतच काय ती भेट. मधल्या सुट्टीत कपाटांच्या खोलीत उभ्या उभ्या बोलायचं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या आल्या. मी विचारलं, "कुणी भरल्या?"

"सासूनं."

"सासूनं! लागली जीभ वळायला."

"मग काय म्हणू? म्हातारी?"

एकदा ती आणि टेलर नवरा-बायको म्हणून हट्ट्याला गेली, पाच-सहा दिवस. परत यायच्या दिवशी मी टेलरच्या ओट्यावर जाऊन बसले. कलईवाला भाता ओढत नव्हता, नुसता निखाऱ्याकडं बघत होता. दोघंही एसटीची वाट बघत होतो, पण कबूल कोण करतो! शेवटी तोच म्हणाला, "बाई, जलन होती क्या तुमकू?"

"मला कशाला होईल?"

"मेरेकू होती," तो म्हणाला. "बस में बाजू बाजू बैठे होंगे। लोगां जगा देते होंगे, नवा जोडा है बोल के।"

मला पहिल्यांदा त्याची कीव आली. पण ती फार टिकली नाही. एसटी आली, दोघं उतरले, टेलरनं पिशवी खाली ठेवली आणि भर रस्त्यात कलईवाल्याच्या गळ्यात हात टाकला. "काय म्हणतो यार, जेवला का?" ती माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली. म्हणाली, "कसं चाललंय, बाई?" बाई!

दुसऱ्या दिवशी कपाटांच्या खोलीत मी तिला फाडून खाल्लं. तुला आवडायला लागलंय, म्हणाले. बांगड्या आवडायला लागल्यात, सौभाग्यवती आवडायला लागलंय. मला वाटलं ती रडेल, नाही नाही म्हणेल. ती खडूचा डबा नीट करत राहिली. मग म्हणाली, "व्हय. बरं वाटतं. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? नळावर बायका पुढं घेतात. भाऊ मान वर करून बोलतो. चार बायांत बसले की कुणी कीव करत न्हाई." आणि डबा लावून टाकून म्हणाली, "पण ते सगळं तुझ्यासंगं पाहिजे होतं मला. तुझ्यासंगं मिळत न्हाई तर मी काय करू?"

बायको म्हणून मिरवायचा तिला आनंद होत होता, आणि तो आनंद मी तिला देऊ शकत नव्हते. टेलर, ज्याला ती नको होती, तो देत होता. नुसता असून देत होता. तेव्हा पहिल्यांदा मला टेलरचा नव्हे, त्याच्या पुरुष असण्याचा राग आला, आणि त्यावर तर काही इलाज नव्हता.

त्याच वर्षी पट कमी झाला. शाळेत एक बाई जादा ठरली. हेडमास्तरांनी दोघींना बोलावलं. माणूस मनानं चांगला, पण बोलायला तोंडात सुपारी ठेवून बोलायचा. म्हणाला, "एकीला साखऱ्याला जावं लागतं. सेनगावच्या पुढं. नोकरीला दोघी सारख्याच, म्हणून मीच नाव कळवलं. यांचा हितं संसार हाय, नवरा हाय, सासू हाय. कायद्यानं बी नवऱ्यापासून बायकोला तोडू न्हाई. तुमचं काय बाई, एकटा जीव सदाशिव!"

साखरा म्हणजे कोरडवाहू, लांबचं गाव. पावसाळ्यात सेनगावच्या पुढं एसटी जात नसे. रविवारी येऊन रविवारी परत फिरणंही जमायचं नाही. मी काही बोलायच्या आत ती बोलली. आवाज तिचा वाटलाच नाही मला.

"सर, त्या एकट्या न्हाईत."

"म्हंजे? आई आली का राहायला?"

"न्हाई."

हेडमास्तरांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "लगन ठरलं का काय?"

मी तिच्याकडं बघितलं. ती फरशीकडं बघत होती. बांगड्या एका हातानं घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

"व्हय," ती म्हणाली.

"अरे वा! आन मला पत्ता न्हाई! कुठला पाव्हणा?"

मग मीच म्हणाले, "हितलाच. कळमनुरीचाच."

"मग आधी सांगायचं की हो!" हेडमास्तरांना खरंच वाईट वाटलं. "आता ऑर्डर निघाली, माझ्या हातात न्हाई. जाऊन हजर व्हा. पण बघा बाई, तकलीफ करून घेऊ नका. लगन झालं की मला फक्त कळवा. नवरा कळमनुरीचा म्हटल्यावर तुम्हाला कोण ठेवतं साखऱ्याला? लागलीच आणतो हितं. माझा शब्द हाय."

बाहेर आलो. पोरी मैदानात लंगडी खेळत होत्या. तिनं माझा हात धरला, भर मैदानात, सगळ्यांच्या देखत. कुणी बघितलंसुद्धा नाही. मी सोडवून घेतला नाही.

मी साखऱ्याला हजर झाले. हेडमास्तर शब्दाला पक्का माणूस होता. हिंगोलीला मीटिंगला भेटला की दर वेळेस लांबूनच हाक मारायचा, "काय बाई, झालं का? कळवा की, बदली तयारच हाय!" मी साखऱ्यावरूनच रिटायर झाले.